बेडकीची खांदमळण

वारंगा फाट्यावर चहा पीत बसलेला कोणी बी तुमाला सांगंल की देविदास पिऊन होता. म्हणून त्यानं पळत्या गाडीचं स्टेरिंग सोडलं अन् म्हणून मेला. सांगणाऱ्यानं डोळ्यानं काहीच पाहिलेलं नसतं. पाहिलं मी. मी त्याची बायको, शिला, रस्त्याच्या कडेला उभी होते. पण मला कोण इचारतं? तांड्यावरचा माणूस, त्यात पोळ्याचा दिवस, म्हणजे पिलेलाच असणार, झालं ह्यांचं. मुडदा बशिवला ह्यांचा.

इतकी वर्सं मी तोंड धरून बसले, कारण माझी सासू जिती होती. माझं तोंड कसं हाय ते अख्ख्या तांड्याला ठाऊक हाय. भांडणात मला कोणी हरवलेलं न्हाई. तरी ह्या एका गोष्टीत मी मुकी राहिले. ह्या उन्हाळ्यात सासू गेली. आता सांगते, अन् पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधी कोणी इचारायला नको.

आमच्या तांड्याला लागून गोपाळराव वकिलाचं शेत. वकील राहायचे वसमतला, शेतावर हळदीच्या दिवसातच यायचे. माझा सासरा वसराम त्यांचा ड्रायव्हर होता. शेतात एक पत्र्याचं अरुंद शेड, अन् त्या शेडात ती गाडी. हैद्राबादच्या कोण्या जागीरदाराच्या पोरानं ती इटलीतून जहाजात घालून आणली होती. पुढं तो स्वतःच विलायतेला जाऊन राहिला अन् जाताना गाडी आपल्या दोस्ताला, म्हणजे वकिलाला, देऊन गेला. वकिलाला गाडीचा शौक न्हाई. त्यांच्या बायकोला, विजयाबाईला, तर तिचा रागच. म्हणायच्या, दोनच माणसं बसतात हिच्यात, तिसरं आलं तर काय टपावर घ्यायचं का? म्हणून वसमतच्या घरून गाडी शेतावर आली अन् सासऱ्याच्या गळ्यात पडली. सासरा गेल्यावर देविदासच्या.

गाडी लई बुटकी होती, माझ्या कमरेला बी लागायची न्हाई. रंग शेवाळी. पुढचे दोन दिवे डोळ्यावानी वर आलेले. तांड्यावर तिला सगळे बेडकी म्हणायचे. स्टेरिंग डाव्या हाताला. चाकं तारांची, अन् तारांच्या आत एक चकचकीत लोखंडी थाळी दिसायची. सुरू केली की तांड्यातली कुत्री आधी भुंकायची अन् मग पळून जायची. देविदास म्हणायचा, फाट्यावरून जाणारी कोणती बी गाडी घे, हिच्यापुढं बैलगाडी हाय. मी म्हणायचे, असंल, पण बैलगाडीनं कडबा तरी येतो.

त्याचा जीव होता तिच्यात. दर आठवड्याला सुरू करायचा, पुसायचा, उंदरांनी वायर खाल्ली का बघायचा. माझं डोकं दुखतं का म्हणून त्यानं कधी इचारलं न्हाई, पण तिच्या प्लगाची इचारपूस रोजची. मी चिडवायचे, तो हसायचा. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडायची. आज बी कोणाच्या गालाला खळी दिसली की मी तोंड फिरवते.

पण गाडी कितीबी पुसली तरी पोट भरत न्हाई. दिवाळी झाली की आमी दोघं ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता म्हणजे हत्यार बी अन् आमी दोघं बी, मुकादमाच्या बोलण्यात त्यात फरक न्हाई. पहाटे थंडीत उसाच्या फडात, दिवसभर तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. पहिल्या खेपेला मी पोटुशी होते. तशीच मोळ्या वाहत राहिले, कारण बाई बसली की कोयता मोडला. फडातच बाळंत झाले. पोरगी होती. पाचटाच्या कोपीत दोन दिवस रडली अन् मग रडायची थांबली. तिसऱ्या दिवशी मी परत फडात. तवाच मी देविदासला म्हणलं होतं, काही बी कर, दगड फोड, गाडी धू, पण मला ह्या कोयत्यातून सोडव. दुसरं लेकरू मी फडात होऊ देणार न्हाई. त्यानं ते मनात धरलं होतं.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या साली पुण्याचे एक साहेब वकिलासंगं शेतावर आले. जुन्या गाड्या गोळा करायचा नाद होता त्यांना. पुण्याला म्हणे त्यांचं मोठं शेड होतं, नुसत्या गाड्यांचं. देविदासनं बेडकीवरचं कापड काढलं अन् साहेब मटकन खालीच बसले, मातीत, पांढऱ्या पँटीवर. म्हणले, ह्या कंपनीनं असल्या गाड्या मोजक्याच काढल्या, हातानं ठोकून ठोकून, अन् मग कंपनी बुडाली. देशात दुसरी असंल असं वाटत न्हाई. देविदासनं गाडी सुरू केली तर त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. गाडीसाठी रडणारा माणूस मी तवा पहिल्यांदा पाहिला. माझ्या पोरीसाठी मुकादम एक दिवसाची सुट्टी द्यायला तयार नव्हता, ते मला तिथंच आठवलं अन् रागच आला. पण साहेब पुढं जे बोलले ते ऐकून तो राग कुठल्या कुठं गेला.

साहेब देविदासला म्हणले की इंजन तू चांगलं ठेवलंस, पण ब्रेक मेलाय. पोळ्याच्या दिवशी मी परत येतो. तोवर ब्रेक नीट कर. मी तुझ्या बाजूला बसीन. गाडी जोरात पळाली अन् सरळ थांबली, तर गाडी मी घेतो अन् तुला बी घेतो. असल्या गाडीला तिची सवय असलेला माणूस लागतो. पुण्याला खोली देतो, कायमचं काम देतो, बायकोला घेऊन ये.

मग काय, आमच्या घरात तेवढंच बोलणं. गाडी सरळ थांबली की माझा कोयता सुटला. मी तर देवाला बी दुसरं काही मागितलं न्हाई.

देविदास त्या ब्रेकच्या मागंच लागला. हैद्राबादला जाऊन रबरं आणली, नांदेडला जाऊन नळ्या बनवून घेतल्या, चाकं काढली, घातली, परत काढली. मला संगं घेऊन रस्त्यावर न्यायचा. एकदा गाडी जोरात असताना त्यानं ब्रेक मारला अन् दोन्ही हात स्टेरिंगवरून उचलून वर केले. मी किंचाळले. गाडी सूत धरल्यागत सरळ जाऊन थांबली. मग त्यानं मला सांगितलं की ही त्याच्या बापाची पद्धत. चारी चाकांचा ब्रेक सारखा धरतो का ते बघायचं तर हात सोडायचे. एका बाजूनं जरा जास्त धरला की गाडी त्या बाजूला वढती, अन् हातात स्टेरिंग असलं की माणूस नकळत ते सांभाळून घेतो, मग खोट कळत न्हाई. बापानं म्हणे वकिलाला बी असंच करून दाखवलं होतं अन् वकील हप्ताभर गाडीत बसले नव्हते. साहेबाला मी असंच थांबवून दाखवतो, म्हणला. मी म्हणलं, दाखव, पण मला परत बसवू नको.

आता सासूचं सांगते. तिचं नाव भिकाबाई. आमच्यात आईला याडी म्हणतात, मी बी तिला याडीच म्हणायचे. लई कामाची बाई, अन् बोलायला माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं. तिचा जीव बैलात. आमच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घातला, ते ती अशी सांगायची जसं काही स्वतःच मागं चालत होती. आदल्या साली आमचा एक बैल फऱ्याच्या रोगानं गेला अन् एकट्याला काय करायचं म्हणून दुसरा विकला. तवापासून ती रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायची. पोळा जवळ आला तशी जास्तच. दाव्याला गाठी मारायची अन् सोडायची.

एक दिवस देविदास चाक काढून बसला होता, तर ती तिथं जाऊन उकिडवी बसली अन् इचारायला लागली. बैलाचा सगळा भार खांद्यावर येतो, तुझ्या हिचा कुठं येतो रे? तो हसला. थाळीवर बोट ठेवून म्हणला, इथं याडी. ही कितीबी पळू दे, सगळा जोर शेवटी ह्या थाळीवर येतो. चार चाकं, चार थाळ्या. तिनं थाळीवरून हात फिरवला. म्हणली, म्हणजे हे तिचे खांदे. तो म्हणला, व्हय, खांदेच समज. आमी दोघं बी हसलो. लेकरासंगं बोलावं तसं बोलून राहिला होता तो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण असती. बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, मग तूप-हळद चोळायची. सालभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, ते मऊ करायचे. अन् मग बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या दिवशी दुपारी देविदासनं गाडी शेवटची पळवून पाहिली, बराबर थांबली. मग धुतली, पुसली, शेडात लावली अन् सकाळसाठी पेट्रोल आणायला फाट्यावर गेला. दिवस कलला तशी याडी वाटीत तूप-हळद कालवून निघाली. मला वाटलं, शेजारच्या रुख्मिणीबाईचे बैल मळायला निघाली, तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. मी पुरणाची डाळ निवडून राहिले होते.

ती परत आली तर हात कोपरापर्यंत पिवळे अन् तोंडावर असं समाधान की मी सालभरात पाहिलं नव्हतं. मी चिडवलं, कोणाचे बैल मळून आलीस? म्हणली, आपलेच. मला वाटलं, म्हातारी रिकाम्या दाव्याला तूप लावून आली. जीव गलबलला, म्हणून पुढं काही इचारलं न्हाई.

सकाळी साहेब आले, वकील आले. याडीनं ताट तयार ठेवलं होतं, हळद-कुंकू, निवद. गाडी परत आली की ओवाळते, म्हणली. देविदास नवा शर्ट घालून आला. पिला होता म्हणतात ना? मी पेढा त्याच्याच हातातून खाल्ला. तोंडाला वास होता तो पेढ्याचा अन् विडीचा. मला म्हणला, रस्त्याकडच्या चिंचेपाशी जाऊन उभी राहा. मी जाऊन येतो अन् तुझ्यापुढंच थांबवतो, हात सोडून. मी म्हणलं, चिंचेपाशी कशाला, मी समोरच्या बाजूला उभी राहते, तिथून तुझं तोंड दिसंल.

शेडातून तो गाडी हळूहळू काढत रस्त्यापर्यंत आला. रस्त्याला लागताना जरा थांबला, परत निघाला. साहेबानं मागून जबानीत सांगितलं की तिथं तो म्हणला होता, ब्रेक थंड हाय, एकदा तापला की बराबर होतो. मग ते आखाडा बाळापूरच्या अंगाला गेले. आवाज लांब लांब गेला अन् बंद झाल्यागत झाला. रस्त्यावर गर्दी नव्हती. जो तो बैल घेऊन वढ्याला गेलेला. मी अन् याडी समोरच्या कडेला, वकील आमच्या मागं.

मग आवाज परत येऊन राहिला. मला शेवाळी ठिपका दिसला, मग दिवे, मग त्याचं तोंड. लई जोरात होता. मला बघून हसला. खळी मला दिसली, मी खोटं सांगत न्हाई. अन् त्यानं दोन्ही हात वर केले.

गाडी डावीकडं फिरली. कोणी शिंगाला धरून मुरगळावं तशी. त्यानं हात खाली आणले, पण स्टेरिंग धरायला येळच मिळाला न्हाई. चिंच डाव्या हाताला होती अन् तो बी डाव्या हाताला बसलेला. आवाज झाला अन् चिंचेतून पाखरं उडाली. याडीच्या हातातलं ताट पडलं. मी पळाले. जे पाहिलं ते मी कोणाला सांगितलं न्हाई अन् सांगणार बी न्हाई. साहेब उजव्या बाजूला होते, त्यांचा पाय अन् खांद्याचं हाड मोडलं, पण जगले. ते शुद्धीत होते. त्यांच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो असा, की ह्यानं स्टेरिंग का सोडलं?

झालं. तेवढं एकच वाक्य फाट्यावर पोचलं, अन् फाट्यावरून सगळीकडं. साहेबानं खोटं काही सांगितलं न्हाई. हात सोडले, हसत होता, एवढंच म्हणले. बाकीचं लोकांनी भरलं. दवाखान्यात फाडून पाहिलं त्यात काय निघालं, ते मला कोणी वाचून दाखवलं न्हाई.

दहाव्याच्या आधी मी शेडात गेले. देविदासचा टॉवेल तिथं खुंटीला होता, तो आणायला. पोलिसांचं बघून झालं तसं गाडीचं कलेवर ट्रॅक्टरनं वढून शेडात आणून टाकलं होतं. डावी बाजू तर न्हाईच म्हणा. उजवी मात्र जशीच्या तशी. मी टॉवेल घेतला अन् वळले, तर उजव्या चाकाच्या तारांत पिवळं दिसलं. आमच्याकडं हळदीचं काय नवल, सगळ्याला पिवळं लागलेलं असतं. पण हे तारांच्या आत होतं, थाळीच्या कडेला, चोळून लावल्यागत. मी बोट घातलं. बोटाला ओशट लागलं. वास घेतला, तूप अन् हळद, जळक्या वासात मिसळलेली. मागचं चाक पाहिलं, तिथं बी तेच. मग डाव्या बाजूला जाऊन चेंबटलेल्या पत्र्यात वाकून पाहिलं. त्या थाळ्या कोरड्या होत्या.

मला सगळं कळलं. काहून कळणार न्हाई? त्यानंच तर शिकवलं होतं. एका बाजूनं जास्त धरला की गाडी त्या बाजूला वढती. उजवीकडं तूप, ब्रेक सटकला. डावीकडं कोरडं, ब्रेक धरला. शेड अरुंद, गाडी डाव्या अंगानं भिताडाला लागून उभी, देविदास बी उजव्या दारानंच उतरायचा. तिकडून म्हातारीचा हात पुरला न्हाई, म्हणून तिकडचे दोन राहिले. मी तिथंच खाली बसले. मला तिचा राग आला, इतका आला की वाटलं जाऊन तिची मान धरावी अन् तिला इथं वढत आणून दाखवावं. टॉवेल तोंडात कोंबून मी रडले. मग त्याच टॉवेलानं दोन्ही थाळ्या पुसल्या. काहून पुसल्या ते मला तवा बी सांगता आलं नसतं.

घरी आले तर याडी उंबऱ्यात बसलेली. माझ्याकडं बघून म्हणली, जेवलीस का? पोरगा गेल्यापासून तिनं पाणी सोडून काही घेतलं नव्हतं, अन् मला इचारून राहिली जेवलीस का. 

चौदावा झाल्यावर गोपाळराव वकील तांड्यावर आले. बाजेवर बसले, चहा घेतला. माणूस वाईट न्हाई, त्यांचा आवाज बी खाली होता. याडी माझ्या बाजूलाच भिताडाला टेकून बसलेली.

वकील म्हणले, "शिला, लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलं असंल. मी वसरामचं मीठ खाल्लंय म्हण किंवा त्यानं माझं, पण त्याच्या पोराचं नाव असं खराब व्हावं हे मला पटत नाही. तो पिला होता का?"

"न्हाई," मी म्हणलं.

"मग हात का सोडले?"

"ब्रेक सारखा हाय ते दाखवायला. त्याच्या बापाची पद्धत होती, तुमाला ठाऊक हाय."

वकिलानं मान हलवली. त्यांना आठवलं असावं. मग म्हणले, "तसं असंल तर गाडी सरळ थांबली असती. ती फिरली. म्हणजे ब्रेक सारखा नव्हताच. एक तर त्याला काम येत नव्हतं, न्हाई तर तो शुद्धीत नव्हता. तिसरं काही असंल तर सांग, मी साहेबाला कळवतो, पोलिसात बी सांगतो."

तिसरं माझ्या जिभेवर होतं. एक शब्द बोलले असते तर माझ्या नवऱ्याचं नाव धुऊन निघालं असतं. तो पिलेला न्हाई, अडाणी न्हाई, त्याच्या हातचा ब्रेक सुतासारखा सरळ होता, हे सगळ्या मुलखाला कळलं असतं. मी याडीकडं पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. नखांच्या कडेला हळद अजून गेली नव्हती. ती वकिलाकडं असं बघून राहिली होती, जसं काही तेच आता सांगतील की तिचा पोरगा काहून मेला. हे हात तिला दाखवले असते तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं विहीर जवळ केली असती. मला पक्कं ठाऊक होतं.

मी खाली पाहिलं अन् गप बसले.

वकिलानं कपबशी खाली ठेवली. मग उठले. माझं गप बसणं त्यांनी काय समजून घेतलं, ते त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. त्या दिवसापासून वकील बी म्हणायला लागले की पोरगा गुणी होता, पण पोळ्याच्या दिवशी घात झाला. गुणी होता म्हणायचे अन् सुस्कारा टाकायचे, अन् तो सुस्कारा शिवीपेक्षा वाईट. बेडकी पुढं भंगारात गेली का पुण्याला गेली, मी इचारलं न्हाई.

दिवाळी झाली. किसनराव मुकादम तांड्यावर आला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, अर्धा कोयता टोळीला चालत न्हाई, म्हणला. याडी चुलीपाशी बसली होती. ती उठली, आत गेली अन् देविदासचा कोयता घेऊन बाहेर आली. म्हणली, "मी हाय ना. आमी दोघी मिळून एक." किसनराव हसला, पण माणसं कमी होती, म्हणून घेतलं.

ज्या कोयत्यातून सुटायचं म्हणून सगळा खटाटोप, त्याच कोयत्यात मी परत गेले, अन् जोडीला ही. म्हातारी तोडायची हळू, पण थांबायची न्हाई. मी मोळ्या वाहायचे. दिवसभर एकमेकींशी बोलणं न्हाई. कधीकधी ती वाकून तोडताना मला तिच्या पाठीकडं बघून असा संताप यायचा की मी फडाच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचे. अन् थोड्या येळानं परत यायचे, कारण तिला पाणी कोण देणार?

एक दिवस दुपारी आमी भाकर खायला बांधावर बसलो. तिनं तुकडा मोडला अन् तसाच हातात धरला. मग म्हणली, "शिला, तुला एक सांगते. त्याला मीच मारलं."

 मला वाटलं, कळलं हिला.

"खांदमळणीला मी बेडकीचे खांदे मळले होते," ती म्हणली. "देविदासनंच दाखवले होते मला. पण भिताडाकडचे दोन राहिले. हात घातला, पुरलाच न्हाई. दोन मळले अन् दोन कोरडे ठेवले. जनावर असं अर्धं मळत न्हाईत गं. तसंच आवतन देऊन आले मी तिला. रुसली ती. ज्या बाजूचे कोरडे राहिले त्याच बाजूला फिरली, पाहिलं न्हाईस तू?"

मी पाहिलं होतं. मी तोंड उघडलं, अन् पोळ्यापासून दाबलेलं सगळं बाहेर येणार, तेवढ्यात माझं डोकं तिच्या बोलण्यामागं गेलं. चारी थाळ्यांना तूप लागलं असतं तर? तर ब्रेक चारीकडं सटकला असता. गाडी थांबली नसती, पण फिरली बी नसती. सरळ माझ्यापुढून निघून गेली असती. रस्ता मोकळा होता, पार फाट्यापर्यंत मोकळा. त्यानं हात खाली घेऊन स्टेरिंग धरलं असतं, गिअर पाडत पाडत कुठं तरी थांबवली असती, अन् येऊन आईला शिव्या दिल्या असत्या. साहेबानं गाडी घेतली नसती. कोयता सुटला नसता. पण आज ह्या बांधावर माझ्या बाजूला तो बसलेला असता.

म्हातारीचं खरं होतं. दोन राहिले म्हणूनच तो मेला.

ती माझ्या हाताकडं बघून राहिली होती. तिनं माझं मनगट धरलं, बोटानं मापल्यागत केलं अन् म्हणली, "तुझा हात बारीक हाय. तू संगं आली असतीस तर पुरला असता."

"व्हय याडी," मी म्हणलं. "पुरला असता."

तिनं मनगट सोडलं अन् हातातला तुकडा खाल्ला. ट्रक आला म्हणून मुकादम वरडून राहिला होता. मी उठले अन् मोळी बांधायला घेतली.